वर्तमान क्षणाला शरण जाणं: सहजता, आवेग आणि नियोजन

उंबरठा

'या क्षणात जगा' हा सल्ला ढिगाने मिळतो, पण ते करायचं कसं हे क्वचितच कुणी सांगतं. परिणामी मनात येईल ते करत सुटणं म्हणजे सहजता असं काहींना वाटू लागतं, तर हात बांधून बसणं म्हणजे शरणागती असं इतरांना. दोन्हींनी नुकसान होतं. म्हणून हा धागा फक्त सरावाच्या तपशिलासाठी. अनुभवकथनं नकोत. काय करायचं, किती वेळ, कुठे फसतं आणि का, एवढंच लिहूया.

माझ्या मते सगळा गोंधळ एका प्रश्नापाशी सुटतो: स्वीकारायचं नेमकं काय? या क्षणापर्यंत जे घडून चुकलंय तेवढंच. पाठवलेल्या पत्रात चूक राहिली असेल, तर ती राहिली हे घडून गेलेलं आहे. 'असं व्हायलाच नको होतं' हा वाद तिथे सोडायचा. दुरुस्तीचं पत्र पाठवायचं की नाही हा पुढचा भाग, आणि तिथे विवेक लागतो. शरणागतीचं कारण देऊन तो टाळता येत नाही.

बैठकीसाठी १० मिनिटं पुरतात. पहिली दोन मिनिटं पावलं, मांड्या आणि हात जिथे टेकलेत तिथला भार जाणवू द्यायचा. पुढची पाच मिनिटं आवाज, खाज, विचार, कंटाळा, जे येईल त्याला मनात 'हे आहे' एवढंच म्हणायचं. शेवटची तीन मिनिटं तेही म्हणायचं नाही आणि लक्ष कुठे न्यायचं हे ठरवायचं नाही. आपण लक्ष वळवतोय असं जाणवलं की तेवढी पकड सैल करायची. लक्ष परत वळेल, परत सैल करायची.

यातली नेहमीची चूक सांगतो. 'हे आहे' म्हणताना आतून 'आता जा' असं म्हटलं जातं. ते ओळखायला एक प्रश्न विचारावा: ही अस्वस्थता पूर्ण दहा मिनिटं अशीच राहिली तर चालेल का? उत्तर 'नाही' आलं तर घाबरायचं कारण नाही. मग तो नकारच आत्ता समोर आहे, त्यालाच 'हे आहे' म्हणायचं.

दिवसभरासाठी पाच-सहा थांबे ठरवावेत: दार उघडताना, फोन हातात घेण्याआधी, कुणाला उत्तर देण्याआधी. तिथे एक उच्छ्वास पूर्ण सोडायचा आणि मगच पुढे. थांबे रोजच्या क्रियांना जोडलेलेच हवेत. गजर लावला तर थोड्याच दिवसांत हात तो न बघता बंद करायला शिकतो.

मध्यमा

चांगला धागा. सहजता आणि आवेग यांतला फरक मात्र अजून उघडायला हवा, कारण बहुतेक लोक तिथेच अडखळतात. दोन्ही 'आतून' येतात, दोन्ही 'न ठरवता' येतात. बाहेरून बघणाऱ्याला तर फरक कळतच नाही.

ओळखायच्या खुणा अशा. आवेगाला थांबणं सोसत नाही. तीन पूर्ण श्वास थांबलं की तो चढतो, किंवा विषय बदलून दुसरीकडे उडी मारतो. सहज सुचलेली कृती तीन श्वासांनंतरही तशीच शांत उभी असते, आणि कधीकधी विरून जाते. विरली तरी काही गमावल्यासारखं वाटत नाही. दुसरं, आवेग स्वतःचा वकील बरोबर घेऊन येतो. कृतीच्या आधीच 'माझा हक्कच आहे', 'एकदाच तर' अशी बाजू मांडणं सुरू झालं की सावध व्हावं. तिसरी खूण शरीरातली: जबडा, खांदे, पोटाचा वरचा भाग आवळलेला असतो आणि नजर एकाच गोष्टीवर खिळते. सहज कृतीच्या वेळी आजूबाजूचं दिसत-ऐकू येत राहतं.

चौथी खूण मात्र नंतरच कळते. आवेगातून केलेली गोष्ट मनात पुन्हा पुन्हा खेळवली जाते, कौतुकाने किंवा पश्चात्तापाने. सहज केलेलं मागे फारसं उरत नाही.

एक इशारा देते. चांगल्या सवयीसुद्धा सहजतेचा वेष घेतात. मदत मागितली की लगेच 'हो' म्हणणारा माणूस सहज नसतो, बऱ्याचदा नकाराला घाबरलेला असतो. म्हणून तीन श्वासांचा नियम गोड वाटणाऱ्या कृतींनाही लावावा.

साधासुधा

वाचतोय. पण नियोजनाचं काय? मुलांच्या परीक्षा, कर्जाचे हप्ते, कामाच्या मुदती. हे सगळं उद्याचंच असतं. क्षणाला शरण गेलेल्या माणसाने वेळापत्रक फाडून टाकायचं का?

पाणवठा

@साधासुधा, अजिबात नाही. नियोजन हीसुद्धा आत्ता करायची एक कृती आहे. त्रास देते ती उजळणी. नियोजन आणि उजळणी यांची गल्लत होते म्हणून हा प्रश्न इतका चिवट वाटतो.

नियोजनातून काहीतरी बाहेर पडतं: तारीख, आकडा, कुणाला तरी विचारायचा प्रश्न. उजळणीतून फक्त तेच चित्र पुन्हा उगवतं. उजळणीचं मन त्यालाच काळजी घेणं समजतं, हे खरं दुखणं. तेव्हा दिवसात २० मिनिटं नियोजनाला द्या, शक्यतो एका ठरलेल्या वेळी. डोक्यात जे लोंबकळतंय ते सगळं कागदावर उतरवा. प्रत्येकापुढे पुढची एकच शारीरिक कृती आणि ती कधी करायची ते लिहा. 'परीक्षेचं बघणे' ही कृती नव्हे. 'शनिवारी सकाळी गणिताच्या तीन प्रकरणांची यादी करणे' ही कृती. कागद मिटला की नियोजन संपलं. नंतर तोच विषय आला तर एकच विचारायचं: यात नवीन माहिती आहे का? असेल तर एका ओळीत टिपायची. नसेल तर ती उजळणी, तिला 'हे आहे'.

याला संशोधनाचाही आधार आहे. मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवलं की अपुरी उद्दिष्टं मनात घुसखोरी करत राहतात, पण ती कधी, कुठे, कशी पुरी करायची याचा ठोस बेत केला की ती घुसखोरी थांबते. काम प्रत्यक्षात झालेलं नसलं तरीही. म्हणजे नीट केलेलं नियोजन वर्तमानाला मोकळं करतं.

शरणागती लागते ती बेत मोडतो तेव्हा. मोडलेला बेत काही वेळ मनात खरा आणि समोरची परिस्थिती खोटी वाटत राहते. तिथे क्रम असा ठेवावा: आधी मनात साधं विधान करा, 'बेत मोडला'. मग शरीरात काय झालं ते बघा. मगच पर्याय. हा क्रम उलटा झाला, म्हणजे आवळलेल्या शरीराने पर्याय शोधला, की मोडलेला बेतच जबरदस्तीने पुन्हा उभा करायचा प्रयत्न होतो.

सूत्रपाठी

परंपरेची बाजू मांडतो, कारण शरणागती म्हणजे निष्क्रियता हा गैरसमज परंपरेत फार पूर्वीच निकाली निघाला आहे.

योगसूत्रांच्या दुसऱ्या पादाच्या पहिल्याच सूत्रात ईश्वरप्रणिधान, म्हणजे ईश्वराला समर्पण, येतं ते तप आणि स्वाध्याय यांच्या शेजारी बसून. तिन्ही मिळून क्रियायोग. समर्पण प्रयत्नाच्या जागी आलेलं नाही, प्रयत्नाच्या पंगतीत आलं आहे. वैष्णव परंपरेत शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत: अनुकूल तेच करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाळणं, ईश्वर रक्षण करील हा विश्वास, रक्षक म्हणून त्याला वरणं, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणं आणि कार्पण्य, म्हणजे आपल्या असमर्थतेची प्रामाणिक जाणीव. यांतली पहिली दोन सरळसरळ निवडीची आहेत. डोळे मिटून वाहून जाणाऱ्याला ती पाळताच येणार नाहीत.

प्रयत्न किती, हा वाद मात्र खरा आहे. श्रीवैष्णव या दक्षिणेतल्या विष्णुभक्त संप्रदायात वडकलै पक्ष माकडाच्या पिल्लाचा दाखला देतो, पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. तेंगलै पक्ष मांजरीच्या पिल्लाचा, त्याला आईच तोंडात उचलते. माझं मत असं की साधकाने दोन्ही ठेवावेत, पण जागा ओळखून. कृती आपल्या हातात असते तोवर माकडाचं पिल्लू. कृती करून झाली आणि निकाल हातात नाही, तेव्हा मांजरीचं. गोंधळ होतो तो बहुधा उलटा: अभ्यासाच्या वेळी 'देव बघेल' आणि निकालाच्या आदल्या रात्री जागरण.

'ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें' हा तुकोबांचा अभंगही आळसाच्या समर्थनासाठी वापरला जातो. पुढची ओळ वाचावी: 'वाहिल्या उद्वेग दुःखचि केवळ'. टाकायला सांगितलाय तो उद्वेग. शेवटी संसार देवापायी वाहायचा आहे, सोडून पळायचा नाही.

निरीश्वर

सूत्रपाठी, छान लिहिलंत. पण ज्याचा ईश्वरावर विश्वास नाही त्याने शरण कुणाला जायचं? 'विश्वाला', 'अस्तित्वाला' म्हटलं तर मला तो देवच नाव बदलून आल्यासारखा वाटतो.

मध्यमा

@निरीश्वर, कुणालाही नाही, आणि तरीही सराव पूर्ण होतो. घडलेल्या वस्तुस्थितीशी वाद थांबवायला समोर कुणी असावंच लागत नाही.

शोमा मोरिता (१८७४–१९३८) या जपानी मनोविकारतज्ज्ञांनी चिंतारोगासाठी जी उपचारपद्धती बसवली ती याचं उत्तम उदाहरण. तिचा गाभा 'आरुगामामा', म्हणजे जे जसं आहे तसं. मूळ पद्धतीत चार टप्पे होते आणि पहिला टप्पा जवळपास आठवडाभर एकांतात नुसतं पडून राहण्याचा. वाचन नाही, गप्पा नाहीत. चिंता येईल तशी येऊ द्यायची, तिला हटवायचं नाही. त्यानंतर हलकी कामं, मग जड कामं, मग नेहमीचं आयुष्य. यातलं सूत्र आपल्याला थेट उचलता येतं: भावना इच्छेने बदलत नाहीत, म्हणून त्यांच्याशी झटापट करायची नाही, कृती इच्छेने करता येते, म्हणून समोर जे काम आहे ते करायचं. भीती घेऊनच दार उघडायचं. आधी शांत होईन आणि मग दार उघडेन ही अट काढून टाकायची.

या अटीने किती जणांची वर्षं खाल्ली असतील, याचा विचार करून वाईट वाटतं.

अंतर्नाद

माझ्या समजुतीप्रमाणे हा सगळा सराव अनावश्यक आहे. लिबेट या मेंदूसंशोधकाने १९८३ सालीच सिद्ध केलं की 'मी ठरवलं' असं वाटण्याआधी मेंदू कामाला लागलेला असतो. कर्ता नाहीच. मग शरण जाणार कोण आणि जायचं कशाला? जे होतंय ते होतंच आहे.

पाणवठा

@अंतर्नाद, प्रयोग खरा, निष्कर्ष घाईचा. लिबेटच्या प्रयोगात बोट किंवा मनगट हलवण्याच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूतला विद्युतभार चढू लागलेला दिसला, आणि 'हलवावंसं वाटलं' ही जाणीव साधारण पाव सेकंदापेक्षा थोडी कमी आधी नोंदवली गेली. पण २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की तो चढ म्हणजे आधीच झालेला निर्णय असेलच असं नाही. मेंदूतल्या सततच्या चढउतारांची सरासरी काढली तरी तसाच आलेख मिळू शकतो. वाद संपलेला नाही. शिवाय निरर्थक क्षणी मनगट हलवणं आणि नोकरी सोडणं यांत फार अंतर आहे.

त्याहून महत्त्वाचं, 'कर्ता नाही' हे वाक्य पाठ केल्याने जबडा सैल होत नाही. निष्कर्ष म्हणून ते हातात घेतलं की बहुतेकदा जबाबदारी टाळायला वापरलं जातं: 'मी ओरडलो नाही, ओरडणं घडलं'. सरावातून कर्तेपणाची पकड ढिली झाली तर उलट होतं, माफी मागणं सोपं जातं. पकड कुठल्या बाजूने ढिली झालीये हे तिथे तपासा.

अंतर्नाद

माफीची कसोटी पटली. २०१२ चा भाग माहीत नव्हता, धन्यवाद.

काळजीवाहू

कुणीतरी धोक्यांबद्दल लिहिलंच पाहिजे, म्हणून सविस्तर लिहिते. कृपया हा प्रतिसाद ओलांडून जाऊ नका.

'क्षणाला शरण' याचा अर्थ समोरच्या माणसाला शरण असा होत नाही. मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक होत असेल तर त्या क्षणाचं सत्य 'मला इथे धोका आहे' हे आहे, आणि स्वीकारायचं ते हेच. त्यानंतरची कृती म्हणजे बाहेर पडणं, मदत मागणं. कुणी गुरू किंवा जोडीदार 'तुझा अहंकार विरोध करतोय' असं म्हणून नकार गिळायला लावत असेल, तर ती साधना नव्हे.

पूर्वी मोठा आघात झालेल्यांना श्वासावर किंवा छातीत लक्ष ठेवल्याने घबराट वाढू शकते. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत. लक्ष बाहेर न्यावं, खोलीतले आवाज, तळपायांचा स्पर्श, भिंतीचा रंग. दहा मिनिटांऐवजी दोन-तीन मिनिटं. बधिरपणा, आपण शरीराबाहेर आहोत अशी भावना किंवा जुन्या दृश्यांचा लोंढा आला तर तिथेच थांबावं, उठून चालावं, कुणाशी तरी बोलावं. 'हेही स्वीकारू' म्हणत रेटत बसू नये. असं पुन्हा पुन्हा झालं तर या विषयातल्या तज्ज्ञाला गाठावं.

बधिरपणाला शांती समजणं ही फार फसवी चूक. स्वीकारात जाणीव तीक्ष्ण राहते, दुःख असेल तर दुःख नीट जाणवतं. बधिरपणात दुःखाबरोबर आवडही जाते, जेवण-संगीत-माणसं सगळं सारखंच सपाट होतं. आठवडे असं राहिलं तर ते नैराश्य असू शकतं.

उलट बाजूचा धोका कुणी सांगत नाही. झोप तीन-चार तासांवर आली तरी थकवा नाही, कल्पना एकावर एक धडकताहेत, सगळं 'आपोआप जुळून येतंय', खर्च आणि मोठे निर्णय झपाट्याने होताहेत. सहजतेत स्थिरावल्याचा भास होतो, पण ही उन्मादाची सुरुवात असू शकते, विशेषतः घरात तसा इतिहास असेल तर. त्या दिवसांत सगळे मोठे निर्णय पुढे ढकलावेत आणि लगेच डॉक्टरांना भेटावं. चालू औषधं 'प्रवाहाला शरण जाऊन' बंद करू नयेत. शारीरिक दुखण्याचंही तेच: दुखतंय हे स्वीकारणं आणि तपासून घेणं ही दोन्ही कामं एकाच दिवशी होतात.

उंबरठा

काळजीवाहू, मनापासून आभार. हा प्रतिसाद धाग्याच्या सुरुवातीलाच असायला हवा होता.

पाणवठा

बैठक झाली, थांबे झाले. सहज *कृतीचा* सराव अजून कुणी लिहिला नाही. त्यासाठी रिकामा तास हा सगळ्यात उपयोगी प्रकार वाटतो. आठवड्यातून एकदा, ६० मिनिटं.

आधी कुंपण घाला: फोन दुसऱ्या खोलीत, खरेदी नाही, कुणाला शब्द द्यायचा नाही, शरीराला धोका होईल असं काही नाही. संपल्याचा गजर लावून ठेवा म्हणजे घड्याळाकडे बघावं लागणार नाही. मग उभे राहा आणि काय करायचं ते ठरवू नका. काहीतरी करावंसं वाटेल. ते वाटणं शरीरात हालचाल म्हणून सुरू होतंय की डोक्यात वाक्य म्हणून, एवढं बघा. वाक्य असेल ('निदान कपाट तरी आवरूया') तर जाऊ द्या. हालचाल असेल तर तिच्यामागे जा. ती संपली की पुन्हा उभे.

पहिली १५-२० मिनिटं बहुतेकांना असह्य होतात, कारण उपयोगी असण्याची सवय तुटत असते. याच वेळी लोक सोडून देतात. पुढे दुसरी अडचण येते, मन सहजतेचा अभिनय करू लागतं: उगाच नाचणं, विचित्र आवाज काढणं. 'हे कुणी बघितलं तर कसं दिसेल' हा विचार बरोबर असेल तर अभिनय चालू आहे. झोप येत असेल तर झोपा, शरीराचं ते खरं उत्तर आहे. पण तीन आठवडे सलग झोपच लागली तर प्रश्न झोपेच्या कमतरतेचा आहे, तो आधी सोडवा.

आणि सहज म्हणजे वेगवान असं समजू नका. च्वांगत्सू या प्राचीन चिनी विचारवंताने सांगितलेली, बैल कापणाऱ्या खाटकाची गोष्ट 'प्रवाहात असण्या'चं उदाहरण म्हणून सांगितली जाते. १९ वर्षं एकच सुरी, धार नवीन सुरीसारखी. पण त्यातले दोन तपशील गाळले जातात. पूर्ण बैल दिसणं थांबायला त्याला तीन वर्षं लागली. आणि गुंतागुंतीचा सांधा आला की तो सावध होतो, नजर रोखतो, हात अगदी हळू करतो. कौशल्याशिवायची सहजता अपघात घडवते, आणि कौशल्य असलेली सहजता अवघड जागी वेग कमी करते.

साधासुधा

शेवटचा प्रश्न. एकट्याचा तास ठीक. पण घरात चार माणसं असतात. एकाने 'आता आतून येत नाहीये' म्हणून ठरलेली भेट ऐन वेळी रद्द केली तर त्याच्या सहजतेची किंमत बाकीचे मोजतात.

मध्यमा

अगदी रास्त. दिलेला शब्दही आत्ताच्या वस्तुस्थितीचाच भाग असतो. समोरचा माणूस तयार होऊन निघाला असेल तर तेही आत्ताच चाललेलं आहे. 'आतून येत नाहीये' ही त्यातली फक्त एक नोंद, सगळा क्षण नव्हे. आपल्या मनःस्थितीला तेवढं क्षण म्हणायचं आणि इतरांना वगळायचं, ही या वाटेवरच्या लोकांची सर्वांत सार्वत्रिक चूक असावी.

व्यवहारात असं करता येईल. शब्द कमी द्यावा. लगेच 'हो' न म्हणता 'संध्याकाळपर्यंत कळवते' म्हणावं आणि खरंच कळवावं. दिलेला शब्द मनःस्थितीसाठी मोडू नये. आजारपण, धोका किंवा दुसऱ्याची खरी निकड असेल तरच मोडावा, तोही शक्य तितक्या आधी आणि कारण न सजवता. जायचंच आहे तर नाखुशी घेऊन जावं, तिला घरी ठेवून यायचा आटापिटा करू नये. पोचल्यावर पहिली पाच मिनिटं स्वतःच्या मूडकडे न बघता समोरचा काय म्हणतोय ते पूर्ण ऐकावं, त्याचं वाक्य संपल्यावर एक उच्छ्वास, मग उत्तर.

घरच्यांबरोबर हे करायचं असेल तर रविवारचे दोन तास 'न ठरवलेले' ठेवा, पण ते दोन तास सगळ्यांच्या संमतीने आधी ठरवा. आणि त्या वेळात काय करायचं हे दर वेळी एकच माणूस सुचवत नाही ना, तेवढं पाहा.